सगळ्यांचे ग्रुप झाले, आता मी कुठे जाऊ?

कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. ॲडमिशनचे प्रश्न संपतात आणि मग फर्स्ट इयरवाल्यांचे खरे प्रश्न यायला लागतात, जे ते घरी विचारत नाहीत आणि वर्गात तर अजिबातच नाही. यावेळी कॉलेजातल्या ग्रुपमध्ये आणि क्लबांमध्ये आपली जागा कशी शोधायची या एकाच विषयावर इतकी पत्रं आली की सगळा अंक त्यालाच दिलाय. नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, कॉलेज सुरू होऊन दीड महिना झाला. पहिल्या आठवड्यात मी आजारी होते त्यामुळे ओरिएंटेशन बुडलं, आणि मी गेले तोवर सगळ्यांचे ग्रुप झालेले. आता लेक्चर संपलं की सगळे घोळक्याने बाहेर पडतात आणि मी मोबाईलमध्ये बघत चालत राहते, म्हणजे कुणाला वाटू नये की ही एकटी आहे. घरी फोनवर सांगते की सगळं मस्त चाललंय. खरंच उशीर झालाय का?

नाही गं, उशीर झालेला नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मी कॉलेजात शिकवते, पहिल्या महिन्यातले हे घोळके दरवर्षी बघते. एकटं पडायची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळे शेजारच्या बाकावर जो पहिला भेटला त्याला धरून ठेवलं जातं, आणि सेमिस्टर संपेपर्यंत त्यातले कितीतरी घोळके आपोआप विस्कटतात आणि नव्याने जुळतात. तुला बाहेरून जे पक्कं दिसतंय ते आतून बरंच कच्चं आहे.

आता एक हिशोब सांगते. अमेरिकेतल्या कान्सास विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती वेळ लागतो यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कॉलेजात नव्याने आलेली मुलंही होती. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, जिला आपण खरंच मैत्रीण म्हणू तिच्यापर्यंत पोचायला ९० च्या आसपास आणि अगदी जवळची मैत्री व्हायला २०० तासांच्या वर, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे आठवड्याला तीन तास धरले तरी पहिले ५० तास व्हायलाच चार महिने लागतात, मग दीड महिन्यात तुझ्या वर्गातल्या कुणाचं असं कितीसं घट्ट झालं असेल?

याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. नुसतं एका वर्गात बसलो किंवा एकत्र काम केलं म्हणून जवळीक फारशी वाढत नाही, त्यानंतरच्या निवांत गप्पा, उगाच रेंगाळणं, एकत्र हसणं यात ती वाढते. आणि तू नेमकी तीच वेळ मोबाईलमध्ये बघत चालण्यात घालवतेयस. म्हणून पहिलं काम म्हणजे लेक्चर संपल्यावर दहा मिनिटं थांब. बॅग सावकाश भर, शेजारणीला विचार की पुढचं लेक्चर कुठल्या वर्गात आहे, आणि तिथपर्यंत तिच्याबरोबर चाल. बोलायला विषय सुचत नसेल तर तुझा आजारपणाचा आठवडाच कामाला येईल, "मी पहिल्या आठवड्यात नव्हते गं, लायब्ररीचं कार्ड कुठे काढून मिळतं?" असं विचारल्यावर तोंड फिरवणारं माणूस क्वचितच भेटतं. उलट आपल्याला काहीतरी माहितीये आणि ते कुणाला तरी सांगता येतंय याचा नवीन मुलांना आनंदच होतो.

दुसरं म्हणजे जागा बदलू नकोस. रोज त्याच रांगेत बस, लायब्ररीत त्याच टेबलावर जा. पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच या दोघांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, एका मोठ्या वर्गात दिसायला साधारण सारख्या अशा चार मुली निवडल्या, त्यातली एक ठरवूनच कधी गेली नाही, बाकीच्या विद्यार्थिनी म्हणून पाच, दहा आणि पंधरा वेळा जाऊन बसल्या, कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा येऊन बसली होती ती मुलांना जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे तिला आपण पाहिलंय हे बहुतेकांना नीट आठवतही नव्हतं. नुसतं दिसत राहण्याचा इतका उपयोग असतो.

आणि बोलावताना "कधीतरी भेटू" म्हणू नकोस, त्याचा दिवस कधीच उगवत नाही. "गुरुवारी शेवटच्या लेक्चरनंतर लायब्ररीत बसून असाइनमेंट करायची का?" असं दिवस, वेळ, जागा सगळं सांगून विचार. एक-दोनजणी नाही म्हणतील, त्यांना खरंच काहीतरी काम असेल असं समज आणि पुढच्या आठवड्यात परत विचार.

घरी मात्र खरं सांग. सगळं मस्त आहे म्हणत राहिलीस तर तुला आधार द्यायची संधीच तू त्यांना देत नाहीयेस. आणि झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, सकाळी उठून कॉलेजला जावंसंच वाटत नसेल तर या सदराच्या उत्तराची वाट बघू नकोस, कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा तुला ज्या बाई जवळच्या वाटतात त्यांच्याकडे याच आठवड्यात जा.

प्रश्न : पहिल्याच आठवड्यात सगळ्या क्लबांचे स्टॉल लागले होते आणि मी जोशात नऊ ठिकाणी नाव दिलं. फोटोग्राफी, डिबेट, रोबोटिक्स, क्विझ, पर्यावरण वगैरे वगैरे. आता नऊ व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, दिवसभर फोन वाजतो, मीटिंगा एकमेकींवर आदळतात आणि मी कुठेच धड नाहीये. सोडले तर सिनियर्स काय म्हणतील?

सिनियर्स काही म्हणणार नाहीत, त्यांना माहीत असतं की स्टॉलवर नाव दिलेल्यांपैकी बरेचजण दिसणारच नाहीत. त्यांना राग येतो तो न सांगता गायब होणाऱ्याचा, त्यातही पोस्टर करतो म्हणून आदल्या रात्री फोन न उचलणाऱ्याचा जास्त.

विद्यार्थ्यांच्या सहभागाबद्दल अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये जी मांडणी केली तिचा आजही सगळीकडे आधार घेतला जातो, तिचा गाभा अगदी साधा आहे. विद्यार्थी कॉलेजात जितकी शक्ती घालतो, शरीराची पण आणि मनाची पण, तितकंच कॉलेज त्याला परत देतं. आता तुझी शक्ती नऊ ठिकाणी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार, ग्रुपवर एक अंगठा. त्याला सहभाग म्हणत नाहीत.

दोन ठेव. माझं मत विचारशील तर एक अभ्यासाशी नातं असलेला आणि एक अजिबात नातं नसलेला. निवडताना दोन गोष्टी बघ. सर्टिफिकेट मिळणार नाही असं उद्या कळलं तरी तू ज्या मीटिंगला जाशील ती कुठली? आणि जिथे फर्स्ट इयरच्या मुलांना खरंखुरं काम देतात तो क्लब कुठला? काही क्लब नावाला फार मोठे असतात पण तिथे नवीन मुलं वर्षभर नुसत्या खुर्च्या मांडतात आणि टाळ्या वाजवतात, त्यापेक्षा सात-आठ जणांचा छोटा क्लब ज्यात दुसऱ्याच महिन्यात तुझ्या हातात कॅमेरा दिला जातो तो कितीतरी चांगला.

बाकीच्या सात ठिकाणी ग्रुपवर नाही, जो कोऑर्डिनेटर असेल त्याला वेगळा मेसेज कर. "मी खूप ठिकाणी नाव दिलं होतं, आता झेपत नाहीये, म्हणून या वर्षी थांबतोय, तुमच्या कार्यक्रमाला नक्की येईन." एवढं पुरे, लांबलचक कारणं नकोत. फक्त एखादं काम अंगावर घेतलं असशील तर ते पुरं कर आणि मग बाहेर पड.

प्रश्न : मी खूप गप्प मुलगा आहे. शाळेतही तसाच होतो. पण मला नाटकाच्या ग्रुपमध्ये जायचंय, मनापासून. दोनदा तालमीच्या हॉलच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. आत सगळे एकमेकांची खेचत असतात, मोठ्याने बोलतात, मला वाटतं मी आत गेलो की सगळे माझ्याकडेच बघतील आणि हा इथे काय करतोय म्हणतील. माझ्यासारख्याने हे सोडून द्यावं का?

अजिबात सोडू नकोस. दोनदा दारापर्यंत जाणारा मुलगा नाटकवाल्यांना हवाच असतो.

सगळे माझ्याकडे बघतील या भीतीबद्दल आधी बोलू. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांनी आपला टी-शर्ट पाहिला असणार असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला. म्हणजे लाज वाटायलाच घातलेला टी-शर्टसुद्धा बहुतेकांना दिसला नाही, मग तू साध्या कपड्यात आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिलास तर किती जणांचं लक्ष जाणार आहे?

आणि ज्यांचं लक्ष जाईल ते तुला वाटतं तसं तुला तोलतही नसतात. एरिका बूथबी आणि त्यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की पहिल्यांदा भेटलेली माणसं बोलून उठली की समोरच्याला आपण जितके आवडलो असं त्यांना वाटतं, त्यापेक्षा खरं तर ती जास्त आवडलेली असतात. होस्टेलमध्ये एकत्र राहणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलांमध्येही त्यांनी हे तपासलं आणि हा गैरसमज तिथे कित्येक महिने टिकून होता. रोज बरोबर राहणाऱ्यांचं हे, तर दारातून परत येणाऱ्या मुलाच्या मनात काय काय येत असेल ते मी समजू शकते.

आता आत कसं जायचं. अभिनयासाठी जाऊ नकोस, निदान पहिल्यांदा नको. नाटकाला बॅकस्टेजची माणसं कायम कमी पडतात. प्रॉम्प्टिंग म्हणजे विसरलेले संवाद विंगेतून पुरवणं, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळणं, सेट रंगवणं, लाइट्सच्या माणसाला हाताखाली कुणीतरी, तालमीला कोण आलं कोण नाही याची वही, यातलं काहीही. "मला बॅकस्टेजला काही काम मिळेल का?" हे वाक्य घरून पाठ करून जा, आणि तालीम रंगात आलेली असताना नको, सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी जा. तेव्हा दोघं-तिघंच असतात, सतरंजी अंथरत असतात, बोलणं सोपं जातं आणि सतरंजीचं दुसरं टोक धरायला माणूस हवाच असतो.

गप्प माणसासाठी हातात काम असणं ही फार मोठी सोय आहे रे, कारण मग बोलायचं काय हा प्रश्नच उरत नाही, कामाबद्दलच बोलायचं असतं. प्रॉम्प्टिंग मिळालं तर उत्तमच, सगळ्यांचे संवाद तुला पाठ होतील, आणि प्रयोगाच्या आठवड्यात एखादा आजारी पडला की उभं करायला दिग्दर्शक सगळ्यात आधी प्रॉम्प्टरकडेच बघतो. तेव्हा हो म्हणायचं की नाही ते तू ठरव. आयुष्यभर बॅकस्टेज करूनही माणसं नाटकवाली असतात, ते काही दुय्यम काम नाही.

फक्त तालीम संपली की लगेच सटकू नकोस. वर पहिल्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय ते तुलाही लागू आहे, खरी ओळख आवराआवरी करताना होते.

प्रश्न : मी घरून ये-जा करते, जाऊन-येऊन रोज चार तास प्रवासात जातात. सगळ्या ॲक्टिव्हिटी संध्याकाळी असतात आणि त्यावेळी मी घराच्या वाटेवर असते. होस्टेलच्या मुलींचं आपोआप जमतं, आमचं काय?

तुझी तक्रार खरी आहे, अंतराचा फरक पडतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या वेस्टगेट या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मैत्री कुणाशी होते ते पाहिलं होतं, १९५० मध्ये ते प्रसिद्ध झालं. अगदी शेजारच्या दारातल्या माणसांची नावं ४१ टक्के वेळा मित्र म्हणून आली, आणि त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांची फक्त १०. एका मजल्यावरच्या अंतराने एवढा फरक पडतो. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे, ज्यांची घरं जिन्याच्या पायथ्याशी होती त्यांच्या वरच्या मजल्यावरही जास्त ओळखी झाल्या, कारण त्या जिन्याने ये-जा करणारी वरची माणसं त्यांच्या दारावरून जायची. तुला घर हलवता येणार नाही, पण कॉलेजात दिवसा जिथून सगळे जातात अशी जागा धरता येईल. दोन लेक्चरच्या मधला रिकामा तास कोपऱ्यातल्या रिकाम्या वर्गात काढू नकोस, डिपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये किंवा नोटीस बोर्डाजवळच्या बाकावर बस.

आठवड्यातला एक दिवस ठरवून टाक की त्या दिवशी उशिरा निघायचं, घरी तसं सांगून ठेव, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेव, आणि त्या दिवशी भेटणारा क्लब निवड. रोज अर्धवट थांबण्यापेक्षा दर बुधवारी पूर्ण थांबणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहते. शिवाय वृत्तपत्र, मासिक, वेबसाइट, डिझाइन, हिशेब ही कामं घरून किंवा प्रवासातही होतात, ती मागून घे. मीटिंग दुपारच्या सुट्टीत घ्याल का असं विचारायलाही हरकत नाही, ये-जा करणारी तू एकटीच नसणार, बाकीच्यांनी विचारलं नाही एवढंच.

आणि ते चार तास! तुझ्या मार्गावर तुझ्या कॉलेजची अजून मुलं असणारच. वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज टाक की या मार्गाने सकाळी या वेळेला कोण कोण येतं. होस्टेलच्या मुलींना निवांत गप्पांचे जे तास मिळतात ते तुला खिडकीशेजारी बसून मिळू शकतात, फक्त कानातले इयरफोन काढावे लागतील.

प्रश्न : ताई, मी आई म्हणून लिहितेय. मुलगी फर्स्ट इयरला आहे. कॉलेजच्या मासिकात, कुठल्याशा स्वयंसेवकांच्या गटात, सतत काहीतरी चालू असतं. घरी आल्यावर दमलेली असते. आम्ही तिला शिकायला पाठवलंय. तिला हे सगळं बंद करायला सांगू का?

तुमची काळजी मला कळते, आणि ती चुकीची नाही, पण सरसकट बंद करायला सांगू नका. कॉलेजात आपण इथले आहोत असं वाटणं आणि मार्क यांचा संबंध असतो. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. एका अमेरिकन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना सुमारे तासाभरात एवढंच करायला दिलं, सुरुवातीला परकं वाटणं सगळ्यांनाच होतं आणि ते हळूहळू जातं असे सिनियर्सचे अनुभव वाचायचे आणि त्यावर स्वतःचं लिहायचं. गोऱ्या मुलांच्या मार्कांत फारसा फरक पडला नाही, पण जी कृष्णवर्णीय मुलं तिथे संख्येने कमी होती त्यांचे मार्क पुढच्या तीन वर्षांत सुधारले. ज्यांना आपण इथले नाही असं वाटण्याची जास्त शक्यता होती त्यांना नुसत्या त्या धीराचा इतका उपयोग झाला. तुमच्या मुलीला तो धीर बहुधा त्या मासिकाच्या टेबलावर मिळतोय.

पण दमण्याकडे लक्ष द्या. किती वेळ जातो यावरून भांडू नका, तीन गोष्टी बघा, झोप पुरेशी होतेय का, लेक्चर बुडतायत का, सबमिशन वेळेवर जातायत का. या तिन्ही ठीक असतील तर तिला करू द्या. यातली एकही घसरत असेल तर दोन्हीतलं एक काम या सेमिस्टरपुरतं थांबव म्हणा, कुठलं ते तिला ठरवू द्या. आणि मासिकाचा अंक निघाला की तिच्यासमोर बसून वाचा, "हे तू लिहिलंस का?" म्हणून विचारा. मग बाकीचं ती आपणहून सांगेल.

प्रश्न : एका ग्रुपमध्ये घेण्याआधी सिनियर्स "टेस्ट" घेतात. रात्री बोलावतात, नको ते करायला लावतात, व्हिडिओ काढतात. सगळ्यांनीच केलंय म्हणतात. नाही म्हटलं तर ग्रुप मिळणार नाही.

जाऊ नकोस. ज्या ग्रुपमध्ये शिरायला स्वतःचा अपमान करून घ्यावा लागतो तिथे आत गेल्यावर पुढच्या वर्षी दुसऱ्याचा करावा लागतो. आलेले मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव, आणि आजच घरी आणि कॉलेजातल्या तक्रार घेणाऱ्या समितीला सांग, एकट्याने जायची भीती वाटत असेल तर कुणाला तरी बरोबर घेऊन जा. व्हिडिओ आधीच काढला असेल तरीही सांग, त्यात लाज तुला वाटायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : फुटबॉलच्या टीमच्या ट्रायल्सला गेलो होतो, यादीत नाव नाही. शाळेत मी कॅप्टन होतो. आता मैदानाकडे बघवत नाही.

लागलंच असणार रे. शाळेत जे पहिले होते तेच सगळे तिथे ट्रायल्सला आलेले असतात, त्यात थर्ड इयरची मुलं दोन वर्षं एकत्र खेळून आलेली, त्यामुळे पहिल्या वर्षी नाव न येणं हे बऱ्याच चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत होतं. थोडे दिवस जाऊ देत आणि मग कोचना किंवा कॅप्टनला भेट. "मला का नाही घेतलं" असं विचारू नकोस, त्यावर ते आधी स्वतःचा बचाव करतील. "पुढच्या ट्रायल्सच्या आधी मी नेमकं कशावर काम करू?" असं विचार, म्हणजे उत्तर कामाचं मिळेल, स्टॅमिना म्हणतील, डावा पाय म्हणतील, जे असेल ते. टीमच्या सरावाला बॉल आणून द्यायला, घरच्या मॅचला लाइन्समन म्हणून उभं राहायला माणसं लागतात, तेही विचार, जमत असेल तरच, मन तयार नसेल तर जबरदस्ती नाही.

आणि यादीत नाव नसलेला तू एकटा नव्हतास. ट्रायल्सला तुझ्याबरोबर पळालेले, रांगेत थांबलेले अजून कितीतरी जण होते, त्यांनाही खेळायचंच आहे. त्यातले पाच-सहा जण शोध, मैदान कधी रिकामं असतं ते ऑफिसात विचार, आणि येत्या शनिवारी सकाळी बोलाव त्यांना.